खळं

रिपोर्टात सगळं बरोबर होतं, सहा वर्षं.
संख्या बरोबर. चाल बरोबर. आकारही, म्हणाले, चालेल.
म्हणून सुया टोचल्या त्या दर्शनाला,
नळ्या तपासल्या त्या दर्शनाच्या,
गुरुवार धरले ते तिनं,
आणि सातव्या आठवड्यात, मग दुसऱ्या खेपेला नवव्या,
बाथरूमची कडी आतून लावली तीही तिनंच.
मी बाहेर उभा. सोडलेला नळ ऐकत.

माहीमच्या डॉक्टर मिस्किटा पहिल्यांदा म्हणाल्या,
'आता यांचं जरा आतून बघू.'
आतून म्हणजे, शेपटी हलते, डोकं पुढे धावतं,
पण डोक्यात दोन धाग्यांची जी गुंडाळी असते
ती कुठे कुठे तुटलीय, ते.

मी केबल जोडणारा माणूस.
वडाळा ते शीव, रस्त्याखालचं निम्मं जाळं बोटांना पाठ.
काचेचा केसाएवढा धागा सोलायचा, पुसायचा,
यंत्रात टोकाला टोक भिडवायचं,
एक निळी ठिणगी. झालं.
रोज कुणा ना कुणा गिऱ्हाइकाला समजावतो,
'साहेब, वरून केबल धडधाकट दिसते हो,
आत धागा गेलाय.'
तेच बाई मला सांगत होत्या,
आणि मी अगदी गिऱ्हाइकासारखं विचारलं,
'पण मग रिपोर्ट इतके दिवस चांगले कसे येत होते?'

त्यांनी फोटो दाखवला, जांभळ्या ठिपक्यांचा.
ज्याचा धागा शाबूत, त्याच्याभोवती खळं उमटतं,
चंद्राला पडतं तसं, मऊ.
ज्याचा तुटका, तो नुसता ठिपका.
तीनशे मोजलेले. त्र्याण्णव बिनखळ्याचे.
एकतीस टक्के. भागाकार मी त्यांच्या आधी केला.

कारणं?
तंबाखू असेल. मे महिन्यातली तापलेली चेंबरं,
व्हॅनमधली इंजिनावरची सीट, वय.
'किंवा यातलं काहीच नसेल,' म्हणाल्या.
मग कागदाची घडी घालता घालता, सहज,
'तुटलेलं घेऊन तो पोचतो ना,
तेव्हा बाईचं बीज जमेल तेवढं सांधून घेतं.
सगळं नाही जमत त्याला.'

जमेल तेवढं.
म्हणजे माझा फॉल्ट
ती आत, अंधारात, कुणी तक्रार न नोंदवता
दुरुस्त करत बसली होती.
आणि भावाच्या मुलीच्या बारशाला काकी तिला म्हणाली,
'तू जरा मागे बस गं.'
मी तिथेच होतो, हातात पेढा.
पेढा मी संपवला.

आईला अजून सांगितलेलं नाही. अण्णांना सांगितलं.
अण्णा टेलिफोन खात्यातले जॉइंटर,
तांब्याच्या जोड्या, लाल-निळी, लाल-नारिंगी,
शिशाच्या नळीवर दिवा फिरवून डोळे गेलेले.
चुनाभट्टीच्या गॅलरीत पेपर खाली न करता म्हणाले,
'किती जोड्या गेल्यात?'
'शंभरात एकतीस.'
खाली भंगारवाला तराजूशी भांडत होता.
तो जाईपर्यंत अण्णा गप्प.
'उरलेल्यांवर लाइन चालते,' म्हणाले.
'पण आधी पाणी कुठून शिरतंय ते बघ.'

आज चाळिसावा दिवस.
नवं बी तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणे.
चुना-तंबाखूची डबी रिकामी झाली,
दर्शनानं ती घासून तिच्यात सुया ठेवल्या.
काल रात्री माझ्या शर्टाचं बटण लावत होती.
मी विचारलं, 'राग आलाय ना तुला?'
तिनं दोरा दातानं तोडला,
पुन्हा ओवायला सुई डोळ्यांपाशी धरली,
'तो दिवा जरा इकडे कर,' म्हणाली.